काळी पाचमधला आलाप

आमच्या नांदुऱ्याच्या पॉवर मेटल बँडचा पहिला अल्बम शुक्रवारी निघणार होता आणि श्रेयनामावली लिहायचं काम माझ्याकडे होतं. गोपालचं नाव तीनदा आलं होतं: गिटार, संगीत आणि संकल्पना. संकल्पना म्हणजे काय विचारलं तर म्हणाला, "जे बाकी कोणी केलं नाही ते." जीवन ड्रम असे हाणतो की शेजारच्या कापसाच्या जिनिंगमधले लोक आपलंच मशीन बिघडलं समजून बाहेर येतात, त्याचं एकदाच. सरावाला गोदाम देणाऱ्या मालकाचे आभार होते, त्याच्या मेव्हण्याचेही, कारण किल्ली मेव्हण्याकडे असायची. शकुंतलाबाईंचं नाव तेवढं नव्हतं.

बाई म्हणजे माझ्या गाण्याच्या बाई, वय अठ्ठ्याहत्तर. आमचं सहावं गाणं अकरा मिनिटांचं, सात मात्रांवरून पाचांवर उड्या मारणारं. मध्येच गिटारी थांबतात आणि चाळीस सेकंद बागेश्रीचा आलाप येतो. तो बाईंचा. मी क्लासमध्ये रेकॉर्ड केला होता. "रियाजापुरताच हं आल्हाद, आवाज फाटलाय," असं त्यांनी बजावलंही होतं. त्यांची पट्टी आता काळी तीन. आमचं गाणं काळी पाचमध्ये. संगणकावर मी तो आवाज वर ओढला, थरथर पुसली, मधले श्वास कापले. मग मोबाईल भरला म्हणून मूळ रेकॉर्डिंग उडवलं.

"'पारंपरिक' लिही ना बे," गोपाल म्हणाला. "राग काय बाईच्या सातबाऱ्यावर हाय?"

"विचारून तरी येऊ."

बुधवारी दोघं गेलो. बाईंनी हेडफोन लावले. ड्रम सुरू झाले तसे डोळे मिटले, आलापाला उघडले.

"मुलगी कोण रे ही?"

माझ्याआधी गोपाल बोलला. "पुण्याची हाय बाई. वळखीतली."

"चाल तर माझी आहे. तू शिकवलीस तिला?" बाई खूश होत्या. "गळा छान आहे. पण ही श्वास घेते कुठं? घेऊन ये एकदा तिला."

गोपालनं माझ्या पायावर पाय दिला. तरी मी म्हणालो, "बाई, ते तुम्हीच गाताय."

काय काय केलं ते सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "माझं जसं होतं तसं लाव बरं."

"ते उडालं, बाई."

त्यांनी पेटी पुढे ओढली, काळी पाच धरली आणि सुरू केलं. वरच्या षड्जाशी आवाज तुटला. पुन्हा गायल्या. पुन्हा तिथंच तुटला. भाता बंद केला.

"नाव नको टाकूस. उद्या कोणी ऐकायला आलं तर मी त्यांना हे ऐकवू?"

बाहेर आल्यावर गोपालनं गाडीला किक मारली. "बाईच नाही म्हणाली. सुटलो आपण. तू काऊन तोंड पाडून राह्यला?"

अल्बम निघाला. आवाज आहे, नाव नाही. बाईंच्या शब्दाला मान दिला असं मी लोकांना सांगतो. त्यात माझी किती सोय झाली हे मला चांगलं कळतं.

पुढच्या क्लासला चार मुली सतरंजीवर बसल्या होत्या. बागेश्रीच चालू होता. बाई गात नव्हत्या. मला पाहून त्यांनी पेटीवर थोडी जागा केली.

"मोबाईल इथं ठेव आणि त्या मुलीचं लाव," म्हणाल्या. "यांना कळू दे कसं गायचं असतं."

मी लावलं.