टिली दारात अडली

टिली गाडीच्या पायरीवर थांबली आणि आत यायला तयार होईना. ती माझ्या बायकोची, लोरीनची कुत्री. लोरीन गेल्यापासून दिवसभर न्हाणीच्या दारापाशी पडून असायची. आज फिरून आलो तर दारातच अडली. मी पट्टा ओढला, तिने चारही पाय रोवले. नाक वर करून हुंगलं, कान पाडले आणि थरथरायला लागली.

मला वास येत नाही. आयुष्यभर वेल्डिंग केलं, त्यात नाक गेलं. चाळीस वर्षं लोरीन माझं नाक होती. दूध नासलं, टायर तापलं, संडासाची टाकी भरली, सगळं तीच सांगायची. आम्ही घर विकून या मोटरहोममध्ये, चाकांवरच्या घरात, राहायला आलो तेव्हा ती म्हणाली होती, "ऑर्व्हल, गाडी तू चालव, वास मी घेते." हिवाळाभर ॲरिझोनाच्या वाळवंटात मुक्काम, उन्हाळ्यात उत्तरेला. गेल्या वसंतात ती गेली. या खेपेला मी एकटाच आलो होतो.

पहिला विचार आला तो गॅसचा. शेगडी, हीटर, फ्रिज, सगळं गॅसवर. फ्रिजच्या मागे तर एक बारीक ज्योत दिवसरात्र जळत असते. गळती असेल तर ती ज्योत पुरे. आतला गळतीचा भोंगा वाजत नव्हता, पण तो गाडीइतकाच जुना, त्याच्यावर माझा भरवसा नव्हता. मी धावत मागे गेलो आणि सिलिंडर बंद केला. टिलीला शेजारच्या गाडीच्या चाकाला बांधलं.

शेजारी ट्रूडी असते. आमच्याइतकीच जुनी भटकी, दोन नवऱ्यांना पुरून उरलेली, तोंडाने फटकळ. मी तिला म्हटलं, जरा माझ्या दारापाशी येऊन वास घे. ती म्हणाली की असलं आमंत्रण तिला आजवर कुणी दिलं नव्हतं. पण माझा चेहरा पाहिला आणि खुर्चीतून उठली. दारात डोकं घातलं आणि लगेच मागे घेतलं.

"सडक्या अंड्यासारखं येतंय रे. लांब हो आधी."

"गॅस आहे का?"

"असेल. संडासाच्या टाकीचा पण असाच येतो. इथून काय कळणार?"

संडासाची टाकी मी आदल्या दिवशीच रिकामी करून धुतली होती, औषधही टाकलं होतं. म्हणजे गॅसच. ट्रूडी म्हणाली, अग्निशमनवाल्यांना फोन करते, तू इथेच उभा राहा. वाळवंटातल्या आमच्या तळापर्यंत यायला त्यांना किती वेळ लागतो ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मी उभा राहिलो नाही. लोरीन आत होती.

तिच्या राखेची पेटी मी न्हाणीत ठेवली होती. गाडी चालताना सामान आपटतं, कपाटं उघडतात. न्हाणीच्या दाराला पक्की खिट्टी आहे, म्हणून सगळ्यात सुरक्षित जागा तीच. पेटी पट्ट्याने नळाला बांधलेली, पेटीभोवती लोरीनचा कोट, तिच्या उशा. आंघोळीला मी तळावरच्या न्हाणीघरात जायचो. माझ्या मुलीला हे कळलं तेव्हा तिने लगेच फोन केला. म्हणाली की गाडी विक आणि माझ्याकडे ये.

ट्रूडीने मागून हाक मारली, शिवी पण दिली. मी शर्ट तोंडावर धरून आत गेलो. दिव्याच्या बटणाला हात लावला नाही, ठिणगी पडेल म्हणून. छतातला धूर बाहेर ओढणारा पंखा घरघरत होता, तोही बंद करायची हिंमत झाली नाही. सिलिंडर बंद होता तरी फ्रिजजवळून जाताना अंग चोरलं. वास कसला तो येत नव्हता, आणि भीती त्याचीच होती. आग लागायच्या आधी मला काहीच कळणार नव्हतं. न्हाणीची खिट्टी काढली, कोट आणि उशा बाहेर फेकल्या. पट्टा सुटेना. गुडघ्यावर बसलो तेव्हा डोळे चुरचुरायला लागले.

"ऑर्व्हल!" ट्रूडी दाराबाहेरून ओरडली. "आत्ता काय उघडलंस तू?"

"न्हाणी."

"तिथूनच येतोय. दार उघडल्याबरोबर भपकारा आला. न्हाणीत पाणी कधी सोडलं होतंस?"

मी पट्टा ओढत राहिलो. लोरीनच्या शेवटच्या आंघोळीनंतर तिथे पाणी पडलं नव्हतं.

पेटी छातीशी धरून मी बाहेर आलो आणि पायरीवर बसलो. ट्रूडीने माझ्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच टोमणा मारला नाही. मोरीखालच्या पाइपाला वाकण असतं, त्यात पाणी साचून राहतं आणि सांडपाण्याच्या वेगळ्या टाकीचा वास अडवतं. हे मलाही माहीत आहे. ते पाणी कधीच आटलं होतं.

"पंखा कधीपासून चालू आहे?"

"सकाळी बेकन तळलं तेव्हापासून."

"आणि धूळ येते म्हणून खिडक्या बंद. अरे बाबा, पंखा हवा बाहेर फेकतोय, मग आत ती येणार कुठून? मोरीतूनच ना."

मी खिडक्या उघडल्या. ट्रूडीने तिच्याकडची पाण्याचा मोठा कॅन आणून न्हाणीत ओतली. मोरीने मोठा घोट घेतल्यासारखा आवाज केला. मग आम्ही साबणाचं पाणी घेऊन गॅसच्या प्रत्येक सांध्यावर लावलं. कुठेही बुडबुडा आला नाही. अग्निशमनवाल्यांना तिने परत फोन केला आणि सांगितलं की म्हाताऱ्याची मोरी सुकली होती. तिकडचा माणूस बराच वेळ हसत होता. मला हसू आलं नाही.

जाताना ट्रूडी म्हणाली, "आता आंघोळ घरातच करत जा. तिला आवडलं असतं."

पेटी आता ड्रायव्हरशेजारच्या सीटवर असते, पट्टा लावून. तिची जागा तीच होती. रोज सकाळी मी न्हाणीत आंघोळ करतो.

पण भीती गेलेली नाही. बाहेरून आलो की दार उघडतो आणि पायरीवरच थांबतो. आधी टिली आत जाते. ती हुंगते, मान वळवून माझ्याकडे बघते. तेवढा वेळ मी श्वास धरून असतो. ती सवयीने न्हाणीच्या दारापाशी जाऊन पडली, की मग मी आत पाऊल टाकतो.