दवाखान्यातला बाक

आप्पांनी आयुष्यभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली आणि बायको गेल्यावर स्वतःच बंद पडले. ताट वाढलं की ताटाकडे बघत बसायचे, हाक मारली की भिंतीकडे. शेवटी सुनेने त्यांना म्हाताऱ्यांच्या मनाच्या दवाखान्यात नेलं.

तिथे दर पंधरवड्याला नर्स ठरलेले प्रश्न विचारायची. झोप लागते का, जगणं नकोसं वाटतं का, वगैरे. उत्तरांना गुण मिळत. जितके गुण कमी तितकी तब्येत बरी, म्हणजे शाळेच्या अगदी उलट. आप्पांचे गुण हळूहळू उतरले. गोळी लागू पडली म्हणून डॉक्टर खूश झाले.

नंबर लागेपर्यंत अर्धा दिवस बाकावर जायचा. शेजारी निवृत्त कंडक्टरबाई असायच्या. "सरका आप्पा, दोघांचं तिकीट काढलंय का?" पलीकडे वकीलसाहेब. ते प्रत्येकाच्या नंबरावर हरकत घ्यायचे.

"आप्पा, तुम्ही मध्येच चहाला उठलात. हक्क गेला!"

घरी येऊन आप्पा हे सगळं सुनेला रंगवून सांगत आणि सांगता सांगता ताट साफ करत.

मग डॉक्टरांच्या मनात सुधारणा आली. म्हाताऱ्यांना ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी प्रत्येकाला वेगळी वेळ दिली. यायचं, उत्तरं द्यायची, निघायचं. सुनेची अर्धी रजा वाचली. तिने डॉक्टरांना तोंडभरून दुवा दिला.

पुढच्याच खेपेला आप्पांचे गुण चढले. डॉक्टरांनी गोळी वाढवली. आप्पा दिवसा पेंगायचे, रात्री टक्क जागे. ताटाकडे बघणं पुन्हा सुरू झालं.

"आणखी बिघडलं तर दाखल करावं लागेल," डॉक्टर म्हणाले.

सुनेने हात जोडले. "घराबाहेर ठेवलंत तर ते पुन्हा उठायचे नाहीत हो."

डॉक्टर हट्टी नव्हते. त्यांनी सगळ्या रुग्णांचे गुण शेजारी शेजारी मांडले. जवळजवळ सगळेच बिघडले होते, तेही नव्या वेळा दिल्यापासून. ठणठणीत होते ते फक्त कंडक्टरबाई आणि वकीलसाहेब. दोघांच्या गोळ्याही वेगळ्या. डॉक्टरांनी दार उघडलं, तर रिकाम्या बाकावर नेमके तेच दोघे.

"वकीलसाहेब, तुमची वेळ दुपारची ना?"

"हो. पण या बाई माझ्या आधी आत जाणार म्हणतात."

"जाणारच!" बाई म्हणाल्या. "सकाळपासून बसलेय मी."

डॉक्टरांनी दार लोटलं आणि नव्या वेळांचा कागद फाडून टाकला.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना निरोप गेला: सर्वांनी सकाळी एकाच वेळी यावं. सुनेने कपाळाला हात लावला, पण रजा टाकली.

दोन खेपा गेल्या. तिसऱ्या खेपेला नंबर लागल्यावर आप्पा आत आले ते तणतणतच.

"काय आप्पा, कसं वाटतंय?"

"कसं वाटणार? सकाळी बोलावता आणि आत्ता आत घेता? काही चाड? ती बाई ढकलते, तो वकील माझ्या नंबरावर टपलेला! आणि भिंतीवरचं ते घड्याळ मागे पडलंय. लाज वाटते बघून. स्टूल द्या मला."

सुनेने तोंडाला पदर लावला. नर्सने विचारलं, "डॉक्टर, ही तक्रार म्हणून लिहू?"

"सुधारणा म्हणून लिहा," असं म्हणून डॉक्टरांनी गोळी पहिल्याइतकी केली. "आप्पा, घड्याळ पुढच्या खेपेला. येताना हत्यारं आणा."

आप्पांनी जरा विचार केला.

"मग मी तासभर आधीच येतो," ते म्हणाले.