पिस्तुलासाठी डोळ्यांचा दाखला

पिस्तुलाच्या परवान्याचा अर्ज भरून झाला होता. फक्त नजर चांगली असल्याचा दाखला उरला होता, आणि घोडं नेमकं तिथेच पेंड खात होतं. कारण आसपास डोळे तपासून असा दाखला देणारी एकच बाई होती, आणि ती अर्जदाराची सून होती.

"सूनबाई, एका सहीसाठी आठवडाभर तंगवतेस मला," सासरे तपासणीच्या खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाले.

ती अगदी विटली होती. आठ दिवस घरात दुसरा विषय नव्हता. मागच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या जोडप्याला चोरांनी बांधून घातलं, पोलीस आले पाऊण तासाने. हे खरंच होतं. पण मोतीबिंदूचं ऑपरेशन आज करू, उद्या करू म्हणत दोन वर्षं टाळणाऱ्या माणसाच्या हातात पिस्तूल? नवऱ्याला सांगावं, तर पालथ्या घड्यावर पाणी. "दे ना लिहून. बाबांना धीर येईल. ते कशाला चालवतायत!" म्हणे. चालवायचं नाही तर घ्यायचं कशाला, हे विचारून विचारून तिची जीभ झिजली होती.

"वाचा," तिने समोरच्या तक्त्याकडे बोट केलं.

सासऱ्यांनी शेवटच्या बारीक ओळीपर्यंत सगळी अक्षरं पाढे म्हणावेत तशी घडाघडा म्हणून दाखवली. तिने कपाळावर हात मारला. तीस वर्षं हे चष्म्याचं दुकान त्यांनीच चालवलेलं, तक्ता त्यांना तोंडपाठ. पण तो जुना तक्ता तिने सकाळीच उतरवून नवा लावला होता.

"बाबा, तुम्ही म्हणालात त्यातली एकही ओळ इथे नाही."

"मग तुझा तक्ता चुकलाय!"

"तक्ता कसा चुकेल, बाबा?"

"अगं, चोर काय मला अक्षरं वाचायला लावणार आहे? माणूस दिसला की झालं. आणि माणूस मला चांगला दिसतो!"

तेवढ्यात दार ढकलून एक उंच माणूस आत आला आणि खिशात हात घालून उभा राहिला. सासरे ताडकन उठले. हातातली छत्री उगारून ओरडले, "कोण रे तू? हात बाहेर काढ! मागे हो!"

माणूस त्यांना दिसला होता, यात शंका नाही. तो त्यांचा मुलगा होता. दुकानाची किल्ली खिशात ठेवत होता.

छत्री खाली यायला थोडा वेळ लागला.

"तू बोलला का नाहीस?" सासरे चिडून म्हणाले.

"बोलायला वेळ कुठे दिलात, बाबा?" नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला होता. मग बायकोकडे वळून तो म्हणाला, "जे दिसलं तेच लिही."

तिने लिहिलं. सासरे खुर्चीत बसले, एकदम लहान झाल्यासारखे. "आणि खरंच कोणी आलं तर मी काय करू?" त्यांनी विचारलं. आठ दिवसांचा तिचा राग तिथेच विरघळला.

संध्याकाळी नवऱ्याने आपली गादी उचलून बाबांच्या खोलीत टाकली.

"रात्री पाण्याला उठलास," बाबा म्हणाले, "तर आधी आवाज दे."