अर्धा वैद्य, अर्धा चोर

शालिग्राम कंपाउंडर माघातल्या एका रविवारी, दुपारी साडेतीनच्या सुमारास, काळदऱ्याच्या किल्ल्याच्या फाटकात भाला लागून मेला. नंतर हे झालंच नाही असं तिघांनी ठरवलं. त्या तिघांत शालिग्रामही होता, तेव्हा आपणही ते झालं नाही असंच धरू.

तर, निवृत्ती मास्तर बोटाला थुंकी लावून वहीचं पान उलटत होते. वही शालिग्रामची. ती टेबलावर ठेवून त्यानं हात मागं घेतले होते, आणि धाडच्या शाळेच्या खिडकीतून तो रिकाम्या पटांगणाकडे बघत होता. चार पानं आकड्यांनी भरली होती. अक्षर दवाखान्यातलं, म्हणजे फक्त त्यालाच लागणारं.

"म्हणजे तुले वैद्यही राह्यचं हाये," मास्तर म्हणाले, "आन चोरही व्हायचं हाये."

"हाव."

"एकाच अंगात."

"दुसरं अंग कोठून आणू, मास्तर?"

खेळ मास्तरांनी रचला होता. दोन वर्षांपूर्वी राज्य नवं झालं तेव्हा वर्गातला मुंबई राज्याचा नकाशा एका पत्रानं रद्द झाला. कापडी पाठीचा, चांगला पाच फुटी. आख्खं राज्य फेकून देववेना, म्हणून मास्तरांनी त्याच्या पाठीवर शाईनं दुसरं काढलं : तीन जंगलं, एक नदी, मधोमध काळदऱ्याचा किल्ला, आणि किल्ल्यात खजिना. पचिसीतल्या सोंगट्या मुक्या असतात, कुठं चालल्या नि कशाला चालल्या ते सांगत नाहीत, ही मास्तरांची जुनी तक्रार. त्यांच्या खेळात प्रत्येक सोंगटीला नाव होतं, धंदा होता, आणि धंद्याच्या दहा पायऱ्या होत्या. पायरी चढली की नवी विद्या. बाकी सगळं सहा कवड्यांवर. जो खजिना बाहेर आणेल त्यानं नकाशा घरी न्यायचा आणि पुढचा खेळ चालवायचा. ही अट मास्तरांनी उत्साहाच्या भरात घातली होती. त्या दिवसापासून, खजिना कोणालाही मिळू नये याची काळजी ते घेत आले होते. रविवारचे ते तीन तास सोडले तर मास्तरांचं ऐकणारं गावात कोणी नव्हतं, पोरंसुद्धा नव्हती.

खेळायला उकंडराव यायचे. गावात साठ एकरांचे धनी, नकाशावर मांत्रिक. त्यांना एकच मंत्र येत होता, धुकं पाडण्याचा, आणि तो ते प्रत्येक पाळीला म्हणत, गरज असो वा नसो. शालिग्राम दवाखान्यात कंपाउंडर आणि नकाशावर वैद्य, म्हणजे त्याला रविवारचीही सुट्टी नव्हती. तिसरा गडी शेषराव. तो एस.टी.त कंडक्टर होता आणि नकाशावर वाटाड्या. दिवाळीच्या आधी, पुढं रस्ता मोकळा हाये असं ठासून सांगत तो सरळ किल्ल्यात शिरला आणि कोठडीत पडला. कार्तिकात तो स्वतः तापानं तीन दिवसांत गेला. त्याची सोंगटी म्हणजे खाकी सदऱ्याचं पितळी बटण. मास्तर दर रविवारी ते काडेपेटीतून काढून कोठडीच्या घरात ठेवत आणि खेळ संपला की परत काडेपेटीत टाकत. यावर तिघांत कधी बोलणं झालं नव्हतं.

"एक माणूस, एक धंदा," मास्तरांनी वही मिटली. "नियम हाये."

"कोठं लिवला हाये?"

लिहिलेला नव्हता. मास्तरांनी तो त्याच वेळी लिहिला. त्यावर शालिग्रामनं सांगितलं की उकंडराव शेतीही करतात, सावकारीही करतात आणि ग्रामपंचायतही, ते तीन धंदे झाले. उकंडरावांना हे स्तुतीसारखं वाटलं आणि ते शालिग्रामच्या बाजूनं झाले. मग मास्तरांनी दुसरी वाट धरली. चोरी शिकायची तर गुरू हवा. गुरूकडं तीन पाळ्या नुसतं बसून राहायचं. शालिग्राम बरं म्हणाला. अर्ध्या वैद्याचं औषध अर्धंच लागू पडेल. बरं. झोळीत बाटल्या असल्या तर त्या वाजणार, पहारेकऱ्याला ऐकू जाणार. शालिग्राम म्हणाला की बाटल्या कापसात गुंडाळीन, आणि कापूस या राज्यात तरी कमी नसावा. शेवटी मास्तरांनी सांगितलं की असला माणूस मेला तर दोन्हीकडून मरतो, त्याला दुसरी सोंगटी मिळत नाही.

"बरं."

मास्तरांना इथं पहिल्यांदा शंका आली. प्रत्येक दंडाला बरं म्हणणाऱ्या माणसाला काहीतरी मोठं हवं असतं, हे त्यांनी शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांकडं बघून शिकलेलं होतं.

शालिग्राम गेल्यावर त्यांनी आणि उकंडरावांनी मिळून त्यानं मागितलेल्या विद्या तपासल्या. चोराच्या चार पायऱ्या : कुलूप, अंधारात दिसणं, पावलांचा आवाज न होणं, मोठं कुलूप. वैद्याच्या बाजूला फक्त शक्तीचा काढा, चार बाटल्या. हा काढा प्यायला की मरतुकडा माणूसही वीस घरं चालून जातो.

"खजिना जड हाये ना," उकंडराव म्हणाले.

"लई जड."

"मंग उचलाले लागंल ना काढा. चार खेपा करून राह्यला तो."

उकंडरावांनी उगाच धुक्याचा मंत्र म्हटला.

गोष्ट तिथंच राहिली असती. पण उकंडरावांनी जेवताना घरी सांगितलं की शालिग्राम अर्धा चोर झाला, लई वाईट वाटून राह्यलं. त्यांच्या बायकोनं, रुखमाबाईंनी, एकही शब्द न वाढवता ते विहिरीवर पोचवलं. आठवडी बाजाराच्या दिवशी दवाखान्यात खोकल्याचं औषध न्यायला गोजरबाई आली. तिचा मेथीचा मळा नदीकडं. तिनं रिकामी बाटली पुढं केली आणि परत मागं घेतली.

"कोणता अर्धा?" तिनं विचारलं.

"कोणता म्हणजे?"

"चोराचा. डावा का उजवा? मले त्या हातानं नोको देऊ."

शालिग्रामनं तिला नकाशा, कवड्या, पायऱ्या, सगळं समजावून सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग खेळातला का होईना, अर्धा तं हायेस ना, असं म्हणून, चोराचा अर्धा उजवा, असा तिनं स्वतःच निकाल दिला आणि बाटली त्याच्या डाव्या हातानं भरून घेतली. चार दिवसांत सगळं गाव डाव्या हाताचं औषध मागू लागलं. शालिग्रामला सवय उजव्याची. निम्मं औषध फरशीवर सांडायला लागलं. डॉक्टरांनी कपाटाची किल्ली काढून घेतली आणि सांगितलं की ते चोराचं काय असेल ते आधी मिटव, किल्ली मग माग. नाहीतर पुढच्या महिन्यापासून दुसरा माणूस बघतो.

मास्तरांना वाटलं, आता सुटलो. ते मुद्दाम दवाखान्यात गेले. शालिग्राम किल्लीवाचून बाकावर बसला होता, मांडीवर वही.

"सोड ना बे तो चोर," मास्तर म्हणाले. "एक शब्द सांग, मी गावात सांगतो का सुटला म्हणून. किल्ली भेटंल तुले."

"तीन पायऱ्या झाल्या, मास्तर. एक राह्यली."

"आन नोकरी?"

शालिग्रामनं वहीतला एक आकडा खोडून दुसरा लिहिला. मास्तर घरी आले ते घाबरूनच. शाईनं काढलेल्या कुलपासाठी खऱ्या कपाटाची किल्ली सोडणारा माणूस कुठपर्यंत जाईल, याला काही सुमारच नव्हता. त्या संध्याकाळी त्यांनी नकाशा उघडला आणि कोणाला न सांगता किल्ल्यातले सगळे पहारेकरी खजिन्याच्या दारावर आणून उभे केले. भिंतीवरचे आणले, विहिरीवरचे आणले, कोठडीवरचा एकुलता एक आणला. भालेवाला एकटा फाटकात ठेवला, माल घेऊन निघताना गाठायला. खेळ चालवणाऱ्यानं असं करू नये, हा नियम त्यांच्याच अक्षरात पहिल्या पानावर होता. त्यांनी ते पान उलटून ठेवलं.

रविवारी शालिग्राम चौथी पायरी चढला आणि किल्ल्यात शिरला. उकंडरावांनी धुकं पाडलं. या वेळी ते उपयोगी पडलं, याचं सगळ्यात जास्त आश्चर्य त्यांना स्वतःलाच वाटलं. फाटकातून आत, चौकातून पुढं. मास्तर हातातल्या पेन्सिलीला दात लावून बसले होते. चौकातून उजवीकडं वळलं की खजिन्याचं दार.

शालिग्रामनं सोंगटी डावीकडं वळवली.

"खजिना इकडं हाये बे," उकंडरावांच्या तोंडून गेलं.

"मालूम हाये."

तो सहा घरं गेला आणि थांबला. बटणाच्या शेजारी. मग कवड्या मुठीत घेऊन त्यानं बराच वेळ हलवल्या. मोठ्या कुलपाला पाच उताण्या लागतात. चार पडल्या, पाचवी टेबलाच्या कडेला थरथरली आणि तीही उताणी झाली.

"उघडलं," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा निघाला नाही.

शालिग्रामनं झोळीतून काढा काढला, म्हणजे वहीत एक रेघ मारली. अर्ध्या वैद्याचा काढा, वीसच्या जागी दहा घरं. कोठडीपासून फाटकाबाहेर चाळीस. चार बाटल्या. तीन महिने उपाशी माणूस एकावेळी एकच पिऊ शकतो, हा हिशेबही वहीत होता. बटण दहा घरं चाललं, थांबलं, दहा घरं चाललं. उकंडराव दर पाळीला धुकं पाडत होते आणि त्यांना आता कोणी हसत नव्हतं. फाटकात भालेवाला. शालिग्रामनं आपली सोंगटी त्याच्या घरात नेऊन ठेवली आणि मास्तरांकडं न बघता म्हणाला की, तो माह्याशी लढंल तंवर हा जाईल. मास्तरांनी कवड्या टाकल्या. शालिग्राम वाचायला एक तरी उताणी हवी होती. एकही उताणी पडली नाही तेव्हा परत टाकाव्या का, असा विचार त्यांच्या चेहऱ्यावर आला, पण भालेवाल्याला एवढं पुरे होतं. बटण फाटकाबाहेर पडलं. शालिग्राम मेला, दोन्हीकडून.

मास्तरांनी त्याची वही ओढून घेतली. आज अक्षर लागलं. चौथ्या पानाच्या तळाशी, तीन आठवड्यांपूर्वीच्या शाईत, लिहिलं होतं : शेषराव बाहेर. मी नाही पोचत.

"मले वाटलं," मास्तरांनी सुरुवात केली आणि काय वाटलं ते सांगितलं नाही.

"किल्ली मागून घेईन उद्या," शालिग्राम म्हणाला. "चोर तं मेला."

उकंडरावांनी नाक ओढलं, कवड्या गोळा केल्या आणि सवयीनं विचारलं, "आता पाळी कोणाची?"

कैद्याची पाळी येत नाही. म्हणूनच कार्तिकापासून खेळ कुठंही अडला नव्हता. उकंडराव, शालिग्राम, उकंडराव, शालिग्राम, असा तो सुरळीत चालला होता. सुटलेल्या कैद्याची पाळी मात्र लगेच येते. तोही नियम मास्तरांचाच, आणि हा लिहिलेला होता.

उकंडरावांनी कवड्या चौथ्या खुर्चीसमोर ठेवल्या. मग त्या कोणीच उचलल्या नाहीत. पटांगणात एक गाढव आलं, चरण्यासारखं काही नाही हे बघून गेलं.

"हे झालंच नाई असं धरा," शेवटी उकंडराव म्हणाले. मास्तर लगेच कबूल झाले. शालिग्रामही झाला, मेलेल्या माणसाला फारसं बोलताही येत नाही. त्याची सोंगटी जंगलात परत ठेवली, भालेवाला जागच्या जागी. राहिलं बटण. ते फाटकाबाहेरून उचलून परत कोठडीत ठेवायचं होतं. उकंडरावांनी हात पुढं केला आणि कान खाजवला. इतके रविवार हेच काम करणाऱ्या मास्तरांनी दोन बोटांत बटण धरलं, सोडलं.

काम अडलं की काय करतात, हे मास्तरांना नोकरीनं एकच शिकवलं होतं. त्यांनी टेबलाच्या खणातून आखीव कागद काढला, समास सोडला, आणि लिहायला घेतलं. उकंडराव खांद्यावरून वाचत होते. शालिग्रामनं मध्येच एक सुधारणा सांगितली, ती मास्तरांनी शेवटी घातली. मग तिघांनी खाली सह्या केल्या.

प्रति,
मा. संबंधित अधिकारी,
जेथे असतील तेथे.

विषय : श्री. शेषराव, कंडक्टर, मु. पो. धाड, यांस रजा मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, श्री. शेषराव हे गेल्या कार्तिकापासून आपल्याकडे रुजू आहेत. त्यांची येथील पाळी आली असून त्यांच्याअभावी पुढील काम खोळंबले आहे. सदर कामी बदली माणूस चालत नाही. तरी त्यांस येत्या रविवारी दुपारी एका डावापुरती रजा, विनावेतन असली तरी हरकत नाही, मंजूर करण्यात यावी. सहाही कवड्या उताण्या पडल्यास नियमानुसार त्यांस आणखी एक पाळी देय होते. तसे घडल्यास सदर रजा तेवढ्यापुरती वाढवून मिळावी, ही नम्र विनंती.