काळं फासलेला पिवळा कोट

मी एक कोट बोलतोय. मेणकापडाचा, गुडघ्यांखाली येणारा, पावसाळी कोट. मला पाहाल तर तुम्ही सहज म्हणाल, काळा कोट. म्हणू नका. मी पिवळा आहे. पिकल्या लिंबासारखा, डोळ्यांत खुपणारा पिवळा. हा काळा रंग एका रविवारी सकाळी ब्रशने माझ्यावर चढवला गेला, आणि तो चढवणाऱ्याचं नाव मी सांगणार आहे. आपली कहाणी सांगताना रागावू नये, असं म्हणतात. मी रागावूनच सांगणार.

माझा जन्म दुसऱ्या महायुद्धाच्या, लढाईच्या दिवसांत, मुंबईच्या गोदीजवळच्या एका कारखान्यात झाला. जाड कापड, त्यावर जवसाच्या तेलाचे थर, प्रत्येक थर वाळायला कितीतरी दिवस. आम्ही शंभरेक भाऊ दोरीवर टांगलेले असायचो. रंगाच्या पिंपाशी रघुमास्तर बसत. नवा कामगार आला की त्याला म्हणत, "हात आखडू नकोस रे. बोटीवरचा माणूस पाण्यात पडला की लांबून फक्त हा रंग दिसतो. रंग फिका पडला तर माणूस गेला." तेवढंच माझं शिक्षण. दिसायचं.

पण मी बोटीवर चढलोच नाही. लढाई संपली. अठ्ठेचाळीस साली कल्याणच्या स्टेशनाबाहेर एका व्यापाऱ्याने ताडपत्रीवर लष्करी सामानाचा ढीग मांडला, त्यात मी होतो. खाकी कोट पहिल्याच दिवशी संपले. काळे दुसऱ्या दिवशी. आम्हा पिवळ्यांना लोक उचलायचे, हसायचे आणि परत टाकायचे. "हा घालून काय सर्कशीत जायचंय?" प्रत्येकाला पावसापासून वाचायचं होतं, पण शेजाऱ्यासारखं दिसून.

चौथ्या दिवशी मंदाकिनी आली.

मंदाकिनी डोंबिवलीच्या दवाखान्यात नर्स होती. तीस वर्षांची, ठेंगणी, खणखणीत आवाजाची. खाडीपलीकडच्या पाड्यांवर बाळंतपणं करायला तीच जायची. सोबत तिचा नवरा आनंद होता, मुंबईला कचेरीत जाणारा, सभ्य आणि जरा भित्रा. तिने मला उचललं, झटकलं आणि सरळ अंगावर चढवलं.

"अगं, हा?" आनंद इकडेतिकडे बघत म्हणाला. "लोक बघतायत."

"बघू देत. त्यासाठीच घेतेय." ती बाही दुमडत म्हणाली. "गेल्या पावसाळ्यात करडी घोंगडी पांघरून दोन तास काठावर उभी होते. पलीकडून काळुरामला मी म्हणजे तिवराचं खोड वाटले. मला दिसायचंय."

"दिसायचं, पण किती?"

"पलीकडून दिसेन इतकं."

त्या क्षणी मला तिच्याबद्दल जे वाटलं, ते नंतर कोणाबद्दल वाटलं नाही.

पाच पावसाळे आम्ही एकत्र काढले. डोंबिवलीच्या पश्चिमेला, खाजणातल्या, म्हणजे खाऱ्या दलदलीतल्या, बांधावरून तासभर चालत गेलं की खाडी लागे. दोन्ही काठांना तिवरांची दाटी आणि मध्ये गढूळ, ओढीचं पाणी. होडी काळुरामची. तो पलीकडच्या गावचा आगरी, पन्नाशीचा. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो खो-खो हसला, पण म्हणाला, "बाय, यो कोट लय भारी हाय. त्या काठावं पिवला दिसला का मी होरी सोरलीच समज."

आणि तो सोडायचा. धुवाधार पावसात, समोरचं काही दिसत नसताना, मी दिसायचो. पाड्यावर बायका आधी मला बघायच्या आणि मग मंदाकिनीला. "पिवली बाय आली, पिवली बाय आली" म्हणत पोरं बांधावर धावायची. अडलेल्या बाईच्या घरचं कोणी ना कोणी दारात उभं राहून पिवळ्याची वाट बघायचं. मी दिसलो की आतल्या बाईला ओरडून सांगायचे, आणि ती आतली बाई, मंदाकिनी म्हणायची, निम्म्याने शांत व्हायची.

एकावन्न साली ती बांधावरून घसरून खाजणाच्या चिखलात कंबरेपर्यंत रुतली. जितकी हलावी तितकी खाली जाई. दूर मिठागरात काम करणाऱ्या दोघांनी मला पाहिलं, फळ्या घेऊन धावत आले आणि तिला ओढून काढलं. ती घरी आली, मला धुतलं, आणि ओल्या हाताने माझ्या खांद्यावर दोनदा थोपटलं.

आता त्या माणसाकडे येतो.

प्रभाकर हा आनंदचा थोरला भाऊ. हेडक्लार्क. सकाळी धोतराच्या निऱ्या तीनदा नीट करणारा. घर त्याच्या शब्दावर चाले. वाईट माणूस होता का? नव्हता. औषधपाण्याला मागेपुढे बघत नसे, धाकट्या बहिणीवर, हेमावर, त्याचा जीव होता. म्हणूनच मला त्याचा जास्त राग येतो. दुष्ट माणसापुढे मंदाकिनी वाकली नसती.

त्रेपन्नच्या चैत्रात हेमाला ठाण्याचं एक चांगलं स्थळ आलं. बघण्याचा कार्यक्रम ठरला. त्या रात्री जेवताना प्रभाकरने विषय काढला.

"मंदाकिनी, तो कोट आता पुरे. ठाण्याची माणसं येणार, चौकशा करणार. 'तुमची ती सून का, पिवळं घालून चिखलातून हिंडणारी' असं कोणी म्हटलं तर हेमाचं काय होईल?"

"कोणी म्हटलंय का तसं, भावजी?"

"म्हणायची वाट बघायची का?"

"खाडीवर तो कोट नसेल तर मी दिसत नाही. हौस म्हणून घालत नाही मी."

"कोट घालू नको असं कुठे म्हणतोय मी? अडीअडचणीचं सामान घरात असावंच. पण ते चारचौघांत उठून दिसेल असं नसावं, एवढंच. रंग बदलू. कोट तोच राहील."

कोट तोच राहील! मी खुंटीवरून ऐकत होतो.

मंदाकिनीने आनंदकडे पाहिलं. आनंद ताटातल्या भातात आमटी कालवत राहिला. मग तिने हेमाकडे पाहिलं. हेमाचे डोळे भरले होते. मंदाकिनी म्हणाली, "बरं. करा काय करायचं ते."

त्या 'बरं'साठी मी तिच्यावरही रागावलो. अजून आहे थोडा.

रविवारी सकाळी प्रभाकरने मला अंगणात दोरीवर टांगलं. जवसाच्या तेलात काजळी कालवली, आणि मन लावून, एकही ओघळ येऊ न देता, मला काळं केलं. आधी पाठ, मग बाह्या, मग कॉलर. वाळल्यावर दुसरा हात मारला. मे महिन्यात तिसरा. चार पावलं मागे जाऊन बघितलं आणि खूष होऊन म्हणाला, "आता कसा! कोणी वळून बघणार नाही."

खरं बोलला तो.

आषाढात, एका दुपारी, पलीकडच्या पाड्यावरून निरोप आला. दगडूची बायको शेवंती पहाटेपासून अडली होती, आणि आता रक्त थांबत नव्हतं. निरोप आणणारा माणूस कोपरच्या बाजूने दुसऱ्या होडीने आला होता; सांगावा देऊन तो तसाच डॉक्टर शोधायला कल्याणला पळाला. मंदाकिनीने पेटी उचलली, मला अंगात घातलं आणि निघाली. काळा झाल्यापासून खाडीवरची माझी ही पहिलीच खेप. बांधावरून ती जवळजवळ धावत होती. खाडीवर पोचली तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. पाऊस असा, की आभाळ, पाणी आणि चिखल सगळं एकाच राखाडी रंगाचं झालेलं. होडी पलीकडे होती. काळुरामची इरलं पांघरलेली आकृती तिला पुसट दिसत होती.

तिने हात हलवले. हाका मारल्या. वारा तोंडावरचा होता, हाक तिच्याच घशात परत जात होती. काळुराम उठला, हाताचा आडोसा करून आमच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. आणि परत बसला.

मी तिवराच्या काळ्या खोडांपुढे उभा होतो. काळा.

ती पाण्यात पुढे गेली, गुडघ्यांपर्यंत, मग मांड्यांपर्यंत. ओढ पाय उचलायला लागली तशी मागे आली. पुन्हा ओरडली. काळुराम मधूनमधून उठायचा, बघायचा, बसायचा. तिने मला काढून पांढरं लुगडं दिसेल असं केलं. त्या पावसात पांढरं कुठलं दिसतंय! मी आयुष्यात कधी इतका धडपडलो नाही, आणि कोटाला धडपडता येत नाही. मला वाटत होतं, अंगावरचा तो मेला थर फाडून टाकावा.

तास गेला. त्याहून जास्त गेला. मग मला पुन्हा अंगात चढवताना तिचं लक्ष गेलं की आतून मी अजून पिवळा आहे. प्रभाकरने जे लोकांना दिसणार तेवढंच रंगवलं होतं. तिने बाह्या उलट्या ओढल्या, मला आतलं बाहेर करून डोक्यावर दोन्ही हातांनी धरलं आणि हलवत राहिली.

काळुराम ताडकन उठला. होडी सुटली.

"बाय! तू कंदी आली गो?" काठाला लागता लागता तो ओरडला. "मी तं पिवला बघत व्हतो. काला दिसला, मना वाटला खुट हाय तिवराचा. अशा पान्यान उगाच कशी टाकू होरी?"

ती होडीत चढली. वल्ह्याला हात लावून त्याच्यासोबत ओढत राहिली.

दगडूच्या दारात त्याची आई तुळसा उभी होती. आतून कोवळं रडणं ऐकू येत होतं. म्हातारीने मंदाकिनीला आत जाऊ दिलं नाही, असं नाही. ती फक्त बाजूला झाली. शेवंती गेली होती. अजून अंग गार पडलं नव्हतं. मुलगी जगली होती. शेजारणीने तिला फडक्यात गुंडाळलं होतं.

मंदाकिनी तरीही गुडघ्यांवर बसली, नाडी बघितली, पापणी उघडून बघितली. दगडू भिंतीला टेकून बसला होता. त्याने वर बघितलंही नाही. तुळसा म्हणाली, "सकालपास्नं इचारत व्हती पोर, पिवली बाय दिसली का, पिवली बाय दिसली का. म्या दारातशी हललीच नाय. पिवला काय दिसलाच नाय गो."

त्यात दोष देणं नव्हतं. जे झालं ते ती सांगत होती.

घरी परतल्यावर मंदाकिनीने पाटावर बसून सगळं सांगितलं. प्रभाकर हळू म्हणाला, "तिची वेळ आली होती. कोटाने काय फरक पडणार?" ती उठून मोरीत गेली. रॉकेल, चिंधी आणि विटेचा तुकडा घेऊन मला घासत बसली. हेमाही येऊन शेजारी बसली आणि घासू लागली. काळा रंग निघाला नाही. पोपडे उडाले, कापड फाटलं, आणि मी ना धड काळा राहिलो ना पिवळा.

मार्गशीर्षात हेमाचं लग्न लागलं, घरासमोरच्या मांडवात. मी दारामागच्या खुंटीवर होतो. पंगती उठल्यावर मुलाची आई माजघरात आली, पानाला चुना लावत सगळ्यांसमोर म्हणाली, "त्या पिवळ्या कोटवाल्या नर्सबाई तुमच्याच ना हो? कोपरला माझी बहीण असते. तिला दोन वर्षांपूर्वी बाळंतपणात त्यांनीच सोडवलं. भर पावसात लांबून येताना दिसल्या म्हणे, तेव्हा तिच्या जिवात जीव आला. मी यांना म्हटलं, अशा घरची मुलगी करायची. कुठे आहेत त्या?"

प्रभाकर तिथेच उभा होता. हातातलं अत्तरदाणीचं ताट तसंच धरून.

म्हणजे कोणीच काही म्हणालं नव्हतं. कोणी म्हणणारही नव्हतं. ती चारचौघं त्याच्या डोक्यात राहायची, आणि त्यांच्यासाठी मला काळं फासलं, आणि शेवंती दाराकडे कान लावून गेली.

वऱ्हाड गेल्यावर मंदाकिनी त्याच्यासमोर उभी राहिली. आवाज चढवला नाही. "भावजी, चारचौघं त्या दिवशी काठावर नव्हती. मी होते. आणि मी 'बरं' म्हटलं, ते मी जन्मभर विसरणार नाही. तुम्हीही विसरू नका." प्रभाकर तोंड उघडून काही बोलणार होता. तेव्हा आनंद, तोच आनंद, पहिल्यांदा मध्ये पडला. "दादा, आता काही बोलू नकोस."

पुढच्या महिन्यात ती दोघं कोपरला खोली घेऊन राहायला गेली. जाण्याआधी मंदाकिनीने शिंप्याकडून ताडपत्रीचा नवा कोट शिवून घेतला, भगभगीत नारिंगी, माझ्याहून भडक. तो घालून ती खुंटीपाशी आली, माझी फाटकी बाही हातात धरून थोडी उभी राहिली. मग गेली. तिने मला नेलं नाही, याचं मला वाईट वाटत नाही. नेऊन तरी काय करणार होती?

आता सत्तावन्न साल आहे. मागच्या पडवीत मला कोळशाच्या पोत्यावर झाकायला घेतात. प्रभाकर कोळसा घ्यायला आला की मला उचलतो, डोळे दुसरीकडे ठेवून, आणि परत नीट पांघरतो. चार वर्षांत त्या दिवसाबद्दल तो एकदाही बोललेला नाही.

माझी दया करू नका, मला ती नको आहे. एवढंच मागतो. तुमच्या घरात कोणी पूर, आग, अंधार यांच्याशी गाठ पडेल म्हणून काही भडक, विचित्र, डोळ्यांत खुपणारं सामान आणलं, तर हसा. पोट धरून हसा, चेष्टा करा, त्याने काही बिघडत नाही. पण त्याला हात लावू नका. आणि कोणाच्या हाती ब्रश दिसला, तर जेवताना भात कालवत बसू नका. उठा, आणि त्याच्या हातातून तो हिसकावून घ्या.