सरपणावरचा कोट

जगातली सगळ्यात शुद्ध लाल वाइन आपल्या तळघरात होते, असं त्या घरातल्या चार पिढ्या ठासून सांगत आल्या होत्या. जगाला ते अजून कुणी कळवलं नव्हतं, एवढंच. जगाची हद्द खालच्या पुलापाशी संपायची, आणि पुलापलीकडचे लोक त्याच वाइनला म्हाताऱ्याचं लाल पाणी म्हणायचे. म्हणायचे आणि प्यायचे.

यंदा जगाला कळवायचं ठरलं. ठरवलं थोरल्यानं, म्हणजे त्या घरच्या एकुलत्या एक मुलानं. त्यानं सेंद्रिय शिक्क्यासाठी अर्ज केला. अर्जात ठळक अक्षरांत लिहिलं, 'वाइनमध्ये द्राक्षांशिवाय काहीही नाही.' मग घरी येऊन सांगितलं, की शिक्का मिळाला तर मळा राहील, नाही मिळाला तर पुढच्या महिन्यात वेल उपटायचे आणि आपण बायकोला घेऊन शहरातल्या कारखान्यात जायचं. हे त्यानं आवाज न चढवता सांगितलं. भांडला असता तर त्याच्या आईला, म्हातारीला, बरं वाटलं असतं. भांडणारा माणूस राहायला बघत असतो.

म्हातारीनं कंबर कसली. तपासनीस येणार म्हणजे पाहुणा येणार, आणि पाहुणा येणार म्हणजे आधी घर धुतलं पाहिजे, एवढं शास्त्र तिला येत होतं. बाप-लेक तोडणीला गेले आणि हिनं सुनेला हाताशी धरून तळघर काढलं. भिंतींवरचं काळं खरवडून चुना फासला. लाकडी पिंपात उकळतं पाणी ओतून ते असं घासलं, की पिंपालाच लाज वाटावी. हंगामात तळघरात चिलटांचे ढग असत, त्यांतलं एक औषधाला ठेवलं नाही. शेवटी दाराआडच्या खिळ्यावरचा म्हाताऱ्याचा कोट राहिला.

कोट मूळचा म्हाताऱ्याच्या बापाचा. द्राक्षं तुडवायच्या दिवसांत तेवढा अंगात चढायचा. इतकी वर्षं रस पिऊन तो असा ताठ झाला होता, की जमिनीवर ठेवला तर आपला आपण उभा राहिला असता. एकतीस वर्षं म्हातारी तो धुवायला मागत होती आणि एकतीस वर्षं म्हातारा 'बघू' म्हणत होता. त्या दिवशी नेमका साबण संपला. तिनं कोट उचलला आणि परसातल्या सरपणाच्या ढिगावर टाकला. चूल पेटवायला तरी होईल.

संध्याकाळी म्हातारा तळघरात उतरला. पांढऱ्या भिंती बघितल्या, रिकामा खिळा बघितला, मग बायकोकडे बघितलं. नुसत्या सदऱ्यावर पिंपात उतरला आणि द्राक्षं तुडवून वर आला. त्या वर्षी गारांनी वरचा उतार झोडपला होता, त्यामुळे तीन पिंपांच्या जागी एकच भरलं. सगळं वर्ष त्या एका पिंपात होतं.

दरवर्षी तिसऱ्या दिवशी पिंप गुणगुणायला लागायचं. साली वर यायच्या, फेस धरायचा, तळघर ऊबदार व्हायचं. यंदा तिसरा दिवस गेला, चौथा गेला. पिंप गप्प. म्हातारा त्याला कान लावून बसायचा, वैद्य छातीला लावतो तसा, आणि उठताना तोंड तसंच. कोट गेला त्या दिवसापासून तो बायकोशी बोललाच नव्हता. शिव्या दिल्या असत्या तर तिनं चार परत दिल्या असत्या आणि दोघांचं जेवण गोड झालं असतं.

सहाव्या दिवशी तिनंच पिंपं बांधणाऱ्या कारागिराला बोलावलं. तोही म्हाताराच, जिभेनं रंधा मारणारा. त्यानं पिंप ठोकलं, झाकण सरकवून नाक घातलं आणि भिंतींकडे बराच वेळ बघत राहिला.

"वहिनी, हे कुणी केलं?"

म्हातारी म्हणाली, "मी."

"छान झालंय. इस्पितळ दिसतंय." तो पिंपाच्या कडेवर टेकला. "रस आंबवणारं जे असतं ना, ते ह्या भिंतींत राहत होतं, लाकडात राहत होतं. घडांवर थोडं असतं, ते तोडणीआधीच्या पावसानं धुतलं. चार पिढ्यांची वस्ती तुम्ही दोन बादल्यांत उठवलीत."

"मग आता?"

"दोन दिवस. आताच नाकाला झोंबतंय. मग शिरका होईल, लोणच्यात घाला."

थोरल्यानं बाजारातून यीस्टची पुडी आणली आणि झाकणावर ठेवली. ती टाकली असती तर रस उठला असता, पण मग अर्जातली ती ठळक ओळ खोटी झाली असती. थोरला बापाकडे बघत राहिला, बाप पुडीकडे. शेवटी थोरल्यानंच ती खिशात घातली आणि म्हणाला, की खोटं लिहून राहण्यापेक्षा खरं सांगून गेलेलं बरं. मग तो कुदळीचा दांडा बसवायला गेला. ते ठोकणं म्हातारीला घरभर ऐकू येत होतं. एकेक वेल तिनं सून म्हणून आली तेव्हापासून छाटला होता. ती तळघराच्या पायरीवर बसली आणि आपले हात बघत राहिली. घासून घासून ते अजून पांढरे होते.

सकाळी ती सरपण आणायला परसात गेली आणि थबकली. ढिगावर चिलटांचा ढग होता. घरातून हाकललेली सगळी चिलटं बिऱ्हाड घेऊन तिथं येऊन बसली होती, आणि बसली होती कोटावर. सगळ्या तळघरातलं न धुतलेलं असं तेवढंच उरलं होतं.

म्हातारी पळाली. गुडघ्यांनी तिला अडवलं नाही, इतकी ती घाईत होती. कोट उचलला तर एकच बाही. सुनेनं कबूल केलं, की दुसरीनं परवा चूल पेटवली, आणि काय छान पेटली होती.

उरलेला कोट तिनं लेकरासारखा पोटाशी धरून आणला. पिंपातला तांब्याभर रस कोमट करून पातेल्यात ओतला, त्यात कोट दाबून बसवला आणि पातेलं चुलीच्या उबेला ठेवलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच तो कोट कशात तरी भिजत होता, आणि साबण न घालता. दाबताना वरचं बटण निसटलं. ती शोधत बसली नाही.

दुसऱ्या दिवशी पातेल्याला फेस आला. म्हातारीनं कोट पिळला आणि फेसासकट सगळं पिंपात ओतलं. पातेल्याच्या तळाशी बसलेलं बटणही त्याबरोबर गेलं. डुबुक असा आवाज झाला, तो तिनं ऐकला नाही असं केलं. त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी पिंप गुणगुणायला लागलं. म्हाताऱ्यानं कान लावला, आणि बराच वेळ काढला नाही.

मग तपासनीस आला. तरुण होता, बूट पुसून आत आला. भिंतींपाशी उभा राहून त्यानं कागदावर लिहिलं, 'स्वच्छता उत्कृष्ट.' फेसाचा वास घेतला, रस चाखला, डोळे मिटले, पुन्हा चाखला.

"बाहेरचं काही घातलंय का?"

थोरल्यानं खाली बघितलं. म्हातारा भिंतीकडे बघत होता.

म्हातारी म्हणाली, "नाही हो. जे आहे ते सगळं घरचंच."

त्यानं खूण केली, सही केली, शिक्का येईल म्हणाला आणि गेला. थोरला परसात गेला, आणि थोड्या वेळानं कुदळीचा दांडा काढल्याचा आवाज आला. तपासनीस पुलापर्यंत पोचायच्या आत ही बातमी कारागिराच्या घरी पोचली.

तळघरात दोघंच उरली. एका बाहीचा कोट खिळ्यावर परत लटकत होता, आणि त्याच्याभोवती दोन-तीन चिलटं घर लावत होती. म्हातारी वाट बघत होती. दहा दिवसांनी आता हा बोलणार. शिव्या देईल, नाहीतर डोळ्यांत पाणी आणील, तिची दोन्हीची तयारी होती.

म्हाताऱ्यानं कोट काढला, अंगात घातला, गळ्यापाशी चाचपला.

"वरचं बटण गेलंय. दुसरं असलं तर लावून दे."