मनातलं बोलली म्हणून

घेवड्याची मळणी उरकून आठवडा झाला होता. कोरेगाव तालुक्यातल्या त्या गावात शालूबाई सकाळपासून सोप्यात सूप घेऊन घेवडा पाखडत बसल्या होत्या. स्वयंपाकाची वेळ झाली तशा त्या भाजी चिरायला आत गेल्या, तर विळी जागेवर नव्हती. सुरी नव्हती, कात्रीही नव्हती. शोधता शोधता सगळं गोठ्यात सापडलं. वैरणीखाली, जुन्या लुगड्यात घट्ट बांधून ठेवलेलं.

"सृष्टी, हे हितं कुणी आणलं गं?"

सून मागच्या दारात उभी होती. अडीच महिन्यांचा जयराज आत पाळण्यात होता, आणि ती त्याच्यापासून जमेल तेवढी लांब.

"मीच ठेवलं, आत्या. बाळाला घेतलं की डोळ्यांपुढं नको ते येतंय. विळी दिसली की वाटतंय, माझ्या हातनं त्याला काय तरी व्हईल. मला नको असतंय, तरी येतंय. दिवसातनं पन्नास बारी येतंय. डोळ्याला डोळा लागत न्हाई."

सृष्टी सांगलीकडची, शिकलेली मुलगी. बाळंतपण माहेरी उरकून तीन आठवड्यांपूर्वीच सासरी आली होती. नवरा यशराज फौजेत, सीमेवर. त्याचा फोन चार दिवसांतून एकदा लागायचा. सांगायचं तर कुणाला? म्हणून तिनं धीर करून सासूला सांगितलं.

शालूबाईंनी ते नवऱ्याला सांगितलं. हंबीरराव निवृत्त सुभेदार. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं. ते म्हणाले, "हे ह्या उंबऱ्याच्या भायेर जाता कामा न्हाई. येडी म्हणून एकदा शिक्का बसला की जन्मात पुसत न्हाई."

दुसऱ्याच दिवशी ते पाटणच्या बाजूला एका देवरुष्याकडे जाऊन आले. देवरुष्यानं सुनेला न बघताच निदान केलं होतं. तिला बाहेरची बाधा आहे, त्या बाधेचा डोळा लेकराच्या जिवावर आहे. बाळ फक्त पाजण्यापुरतं तिच्याकडे द्यायचं. अमावस्येला तिला घेऊन यायचं, मिरच्यांची धुरी द्यावी लागेल.

त्या दिवसापासून सृष्टीच्या माजघरातल्या खोलीला बाहेरून कडी लागली.

बाळ रडलं की शालूबाई कडी काढायच्या, सृष्टीच्या मांडीवर त्याला ठेवायच्या आणि समोर बसून तिच्या हातांकडे बघत राहायच्या. सृष्टीही आपल्याच हातांकडे बघायची. कुणीतरी म्हणेल, 'पोरी, असं काही नसतं,' या आशेनं ती बोलली होती. आता सगळं घर ते खरं असल्यासारखं वागत होतं. मग ते खरंच असलं पाहिजे, असं तिला वाटू लागलं. तिनं जेवण टाकलं.

आशा कार्यकर्ती रंगुबाई बाळाचं वजन करायला आल्या. "तिला ताप हाय, झोपलीया," शालूबाई म्हणाल्या.

रंगुबाईंची नजर दारावर गेली. "तापाच्या बाईला भायेरनं कडी कशाला?"

शालूबाईंनी बाळ उचलून वजनकाट्यात ठेवलं. निघताना रंगुबाई हळू आवाजात म्हणाल्या, "शालूबाई, बाळंतिणीच्या मनाला बी आजार व्हतो. त्याला औषध हाय. साताऱ्याला सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरीणबाई बसत्यात. लपवू नगा."

"आमच्या घरचं आमी बघू," हंबीरराव सोप्यातून म्हणाले.

अमावस्येच्या सकाळी सृष्टी अगदी शांत होती. न्हाऊन, वेणी घालून बसली होती. कित्येक दिवसांनी तिचा चेहरा निवळलेला बघून शालूबाईंना हायसं वाटलं. तेवढ्यात तिनं त्यांना जवळ बोलावलं. जयराजचे कपडे तिनं मापानुसार लावून ठेवले होते, आत्ताचे वर, पुढच्या थंडीचे खाली.

"पावडरचं दूध करताना पाणी आधी मोजायचं, आत्या. मग पावडर. आणि त्याला उजव्या कुशीवर लवकर झोप लागती."

"हे मला कशाला सांगतीस? तू कुठं निघालीस?"

"बाळ माझ्यापासनं सुखरूप ऱ्हायला पायजे. एवढंच."

शालूबाई भिंतीला टेकून बसल्या. बाहेर जीप येऊन उभी राहिली होती.

"चला," हंबीररावांनी हाक दिली.

शालूबाई उठल्या आणि दाराच्या मधोमध उभ्या राहिल्या. "पाटणला ही पोरगी येणार न्हाई."

"सरक बाजूला. लोकांच्या कानावर गेलं तर काय म्हणतील?"

"लोक उद्या हिच्या मयताला येतील. तवा म्हणतील काय म्हणायचं ते. आवं, यशराजच्या टायमाला मला बी असंच व्हायचं. त्याला घेऊन विहिरीकडं जायाला भ्यायची मी. तुमी पलटणीत व्हता. सासूबाईंनी मला असंच एका भगताकडं न्हेलं, धुरी दिली. खोकून खोकून रगात पडलं."

"मला कवा बोलली न्हाईस," हंबीरराव पुटपुटले.

"कुणालाच न्हाई. ते विचार धुरीनं गेलं न्हाईत. मी फकस्त बोलायची थांबले. चार वर्सं जिवंतपणी मेले मी. हिला तेवढं बी जमायचं न्हाई. ही आजच निघालीया."

हंबीररावांनी सुनेकडे पाहिलं. घडी केलेल्या कपड्यांवर तिचा हात होता. ते जीपपाशी गेले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "सातारला घे."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "जीव द्यावा असं मनात येतं का?"

सृष्टी म्हणाली, "हो." मग हमसून रडली. रडणं आवरेपर्यंत कुणी तिला गप्प केलं नाही.

बाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं, खूप काही विचारलं. मग म्हणाल्या, "तुला या विचारांची एवढी भीती वाटते, कारण तुला ते नको आहेत. मनात आलं म्हणजे ती तुझी इच्छा झाली असं नाही. असा विचार आला, तर त्याच्याशी भांडू नकोस. विचार आलाय, एवढं म्हण आणि जवळच्या माणसाला सांग." मग त्या हंबीररावांकडे वळल्या. "गोळ्या आहेत, पण तिला झोपही पाहिजे. काही दिवस तिला एकटीला सोडायचं नाही, आणि डांबायचंही नाही. दोन्हीत फरक आहे, सुभेदार."

हंबीररावांनी चिठ्ठी घेतली आणि ते गोळ्या आणायला उठले.

महिनाभरानं शालूबाई अंगणात बाळाला न्हाऊ घालत होत्या. शेजारच्या चौघी जमल्या होत्या. एकीनं विचारलं, "सुनेचा ताप उतरला का?"

"ताप नव्हताच," शालूबाई मोठ्यानं म्हणाल्या. "मनाचा आजार हाय. साताऱ्यात उपचार चालू हायेत. मला बी झाला व्हता."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. एक उठून गेली. दुसरी काहीतरी विचारायला पुढं झाली आणि थांबली. टॉवेल घेऊन उभ्या असलेल्या सृष्टीनं बाळाला घ्यायला हात पुढं केले आणि ते मध्येच थबकले.

"आत्या, आला," ती सगळ्यांसमोर म्हणाली.

"येऊ दे," शालूबाई म्हणाल्या आणि ओलं बाळ तिच्या हातात दिलं. "मी हितंच हाय."